रुमालाखालचा भाव

इंग्लंड बावीस, जपान चोवीस, ऑस्ट्रेलिया एकवीस, अमेरिका अठरा. हे आकडे लाखातले, आन् ते लिहिलेले हुते नेमिनाथअण्णांच्या सोप्यातल्या काळ्या फळ्यावर. सांगलीच्या हळद पेठेत अण्णांची पन्नास वर्षं अडत हुती. दुकानात ह्याच फळ्यावर रोज सकाळी निजामाबाद, इरोड, सांगली असे हळदीचे भाव लिहायचे. दुकान बंद झालं, फळा घरी आला, आन् हळदीच्या जागी मोटारीचा भाव लागला.

मोटार म्हंजे अण्णांची एमजी, इंग्लंडात घडलेली. एकोणीसशे बावन्न सालची, दोनच माणसांची, उघड्या टपाची, लाल. मी मल्हार, तिचा मिस्त्री. आमचं घराणं आटपाडीकडचं, मेंढरं राखणारं. बापाच्या मागनं काठी घ्यायची सोडून मी सांगलीत पाना घेतला. त्रेचाळीस वर्षं त्या गाडीला माझ्याबिगर दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला न्हाई. लावायला कोण आला असता तर मी तो हात जाग्यावर ठेवला नसता. सोभावच तसा हाय. घरची म्हणते, तुमचं इंजिन लय लवकर तापतंय.

गाडी मिळाली पाचगणीत. तितल्या एका शाळेत पियानो शिकवणारे एक पारशी मास्तर हुते, ते कायमचे लंडनला निघाले. अण्णा त्या शाळेच्या भटारखान्याला हळद-मिरची पुरवायचे. मास्तरांनी गाडी दाखवली आन् अण्णा खुळे झाले. मला सांगलीहून बोलवून घेतलं. मी बाविशीत, अण्णा चाळीशीत. पसरणीचा घाट आमी दोघं उतरलो तवा ब्रेक निम्मेच लागत हुते. अण्णा भ्याले हुते, पण हसत हुते. वाईत थांबून चा प्यालो. मला म्हणाले, "मल्हार, हळदीत मी लय मिळवलं रं, पण असं कवा वाटलं न्हवतं." सातारा, कराड करत सांगलीत पोचलो तवा दोघांचंबी केस धुळीनं पांढरे झाले हुते. त्या दिवसापास्नं दर रविवार माझा त्या गाडीपाशी. मजुरी मी घेतली न्हाई, त्यांनी बी इचारली न्हाई. दुपारी आक्काताई, म्हंजे अण्णांची मंडळी, ताट वाढायच्या. बास.

अण्णा ब्याऐंशीचे झाले हुते. आक्काताई जाऊन नऊ वर्षं झाली हुती. मुलगा पारस पुण्याला नोकरीत, सून दीपाली सांगलीत राहून सगळं बघायची, पोरगी लाखात एक. गेल्या उन्हाळ्यात अण्णांच्या पोटातलं दुखणं निघालं. डॉक्टरांनी पारसला बाजूला घेऊन सांगितलं, पण अण्णांनी त्याच्या तोंडावरनंच वळखलं. घरी आले आन् एकेक वस्तू सोडायला लागले. त्यांच्या जैनांत जाणतं माणूस जाताना असं करतंय, कशात जीव अडकू द्यायचा न्हाई म्हणून. आधी गोड सोडलं. मग अंगठी, मग घड्याळ, मग पलंग. पलंग सोडून चटईवर आले. शेवटी राहिली एमजी.

मी म्हणालो, "आवं अण्णा, देऊन टाका की कुणाला तरी. सुटलात."

"तसं न्हाई सुटत," अण्णा म्हणाले. "मी यापारी माणूस. पडत्या भावात सोडलेला माल डोक्यात राहतो. शहात्तर साली चाळीस पोती राजापुरी हळद घाईनं सोडली, ती आजबी आठवती मला. गाडी सोडायची तर खऱ्या भावात सोडायची. मग ती गेली. मग मन मोकळं."

"मग मला द्या. काय भाव असंल त्यो फेडतो."

"तुला नको," ते म्हणाले. "तुझ्याकडं गेली म्हंजे घरातच राहिली की रं."

मला राग आला. लय राग आला. पण ते बोलले ते खरं हुतं.

मग खरा भाव काढायचं काम सुरू झालं. दीपाली फोनवर बघून सांगायची, कुठल्या देशात तशीच गाडी कितीला गेली, आन् अण्णा चटईवरनं हिशेब करायचे. चवऱ्याऐंशी साली मद्रासला हळद पाठवताना करायचे, तसाच. जहाजाचं भाडं वजा, कागदांचा खर्च वजा, दलाली वजा. मी म्हणायचो, अमेरिका खोडा, त्यास्नी डावीकडचं स्टिअरिंग लागतंय, आपलं उजवीकडचं. अण्णा म्हणायचे, "खोडू नको, असू दे. गिऱ्हाइकाला काय कमी वाटतंय तेबी कळलं पायजे." इंग्लंड आन् जपानला आपल्यासारखंच उजवीकडचं स्टिअरिंग चालतंय, म्हणून तितला भाव धरायचा. जपानचा चढा हुता पण भाडं खाऊन जात हुतं. एका गाडीचा रंग मूळचा हुता, ती महाग गेली. एकीचं इंजिन बदललेलं, ती निम्म्याला गेली. दीपाली ते वाचून दाखवायची तवा मी फुशारकी मारायचो, "आपल्या गाडीत एक नट बी बदललेला न्हाई, लिव्हा अजून दोन लाख वर."

महिनाभर त्यात गेला. अण्णांच्या अंगातलं मांस उतरत हुतं, पण फळ्यापाशी बसले की दुकानात बसल्यावानी बोलायचे. शेवटी एका सकाळी म्हणाले, "बावीस. सगळी बेरीज-वजाबाकी करून इंग्लंडचा बावीस हा खरा भाव. एकवीसला न्हाई, तेवीसची हाव न्हाई. बावीस आले की मी मोकळा." त्या दिवसापास्नं त्यांनी दुपारचं जेवण बी सोडलं.

दीपालीनं साताऱ्याच्या वीरधवल म्हणून एका माणसाला बोलवलं. जुन्या गाड्या घेऊन परदेशी पाठवायचं काम करतो. चाळिशीचा, बोलायला साधा. मी त्येला आल्याआल्या दोन वेळा तोडून बोललो, कारण त्येनं न इचारता दारावर हात ठेवला. त्येनं ऐकून घेतलं. गाडी फिरून बघितली, आवाज ऐकला, खाली आडवा झाला. मग म्हणाला, "काका, गाडी सोन्यासारखी ठेवलीय तुम्ही." माझी छाती फुगली.

मग त्येनं खिशातनं पातळ कागद आन् पेन्सिल काढली. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची म्हंजे नंबर कागदावर उठतो, ही रीत आपल्या आरटीओतबी हाय. बॉनेट उघडलं की समोर पितळी पट्टी, तिच्यावर गाडीचा नंबर. त्येनं कागद ठेवला, पेन्सिल घासली. कागद काळा झाला. परत घासली. नुसताच काळा. एक आकडा उठला न्हाई.

"काका, हितला नंबर?"

मी वाकून बघितलं. पट्टी आरशासारखी लखलखत हुती. तिच्यात माझं तोंड दिसलं.

आता सांगतो, आन् सांगताना माझी मलाच लाज वाटतीया. दर खंडेनवमीला आमी हत्यारं पुजतो. माझे पाने, हातोडे, आन् अण्णांची गाडी. गाडीला मी न्हाऊ घालायचो. आन् पितळ म्हटलं की आमच्यात चिंच आन् राख. जेजुरीचा टाक असू दे, समई असू दे, घासून पिवळं धमक केल्याबिगर पूजा न्हाई. तसंच मी ती पट्टी घासायचो. चिंचेचा गोळा, चुलीची राख, काथ्या. मग अण्णांच्याच दुकानातली राजापुरी हळद लावायची, दिव्यास्नी, स्टिअरिंगला, पट्टीला. त्रेचाळीस खंडेनवम्या. उथळ कोरलेला आकडा किती टिकणार. देवाचं म्हणून केलं आन् देवाच्या हातानं न्हाई, माझ्या हातानं गेला.

"दुसरा नंबर सांगाड्यावर असतो," वीरधवल म्हणाला. "पुढच्या बाजूला, लोखंडात ठोकलेला."

त्यो बी माझ्याच हातनं गेला हुता. पाच-सहा वर्षांमागं कृष्णामाईचा पूर आला तवा गाडी चार दिवस पाण्यात हुती. सांगाड्याचं पुढचं टोक सडलं. मी तेवढं कापलं आन् नवीन लोखंड जोडलं. पट्टीवर नंबर हायच की, असं तवा न बघताच म्हणालो हुतो.

वीरधवलनं कागद घडी करून खिशात घातला. म्हणाला, "खरं सांगतो काका, फसवत नाही. आरसी बुकात नंबर आहे, पण गाडीवर नाही. मग ही तीच गाडी हे कुणी मानणार नाही. इकडं नावावर होणार नाही आणि तिकडं बंदरातच अडकेल. परवानगी काढून नवीन नंबर ठोकता येतो, त्याला वर्ष जातं, आणि ठोकलेल्या नंबराची गाडी तिकडचे लोक घेत नाहीत. मला घ्यायची तर सुटे भाग करून घ्यावी लागेल. दिवे वेगळे, इंजिन वेगळं. सहा लाख देतो. त्याच्यावर मला परवडत नाही."

मी त्येच्या अंगावर गेलो. काय काय बोललो ते हितं लिव्हण्यासारखं न्हाई. दीपाली मधी पडली. त्यो माणूस शांत उभा राहिला, आन् त्येच्या तोंडावर कीव दिसली तवा मी पाठ फिरवली. गॅरेजवर गेलो. माझ्याकडं आकडे ठोकायच्या खिळ्यांची पेटी हाय, शून्य ते नऊ. आरसी बुक पुढ्यात ठेवलं, पेटी उघडली. पहिला खिळा हातात घेतला. अण्णांच्या दुकानात एकदा एका हमालानं हळदीत रंगाची पूड मिसळली हुती, तवा अण्णांनी अख्खं पोतं रस्त्यावर वतलं हुतं. ते आठवलं. पेटी बंद केली आन् लहान पोरागत रडलो.

दुसरा कुणी गिऱ्हाईक बघायला वेळ न्हवता. अण्णांनी पाणी तेवढं ठेवलं हुतं. सकाळी डॉक्टर येऊन गेले आन् पारसला पुण्याहून बोलवून घ्या म्हणाले. दीपालीनं मला स्वयंपाकघरात नेलं. "काका, त्यांना सहा लाख सांगितले तर ते ह्याच विचारात जातील," ती म्हणाली. "गाडीचे सुटे भाग होणार हे तर अजिबात सांगायचं नाही. ह्यांच्याशी बोललेय मी. हे म्हणाले, बावीसच सांगा." मी मान हलवली. गुन्हा माझा, मग खोटं बी मीच बोलायला पायजे.

अण्णा चटईवर उशाला टेकून बसले हुते. मला बघून दीपालीला म्हणाले, "कपाटातला रुमाल आण." पेठेत पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आन् देणारा, दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं बोलायचं न्हाई, शेजाऱ्याला कळायचं न्हाई. ही बोटं मला अण्णांनीच शिकवली हुती, गाडीखाली पडल्यापडल्या, गंमत म्हणून.

"त्या सातारकराला बोटांची भाषा कुठनं येणार," अण्णा म्हणाले. "तू मधला दलाल. बस. सांग किती म्हणतोय."

रुमाल टाकला. त्यांचा हात हातात घेतला. हाडं आन् कातडं, बाकी काय उरलं न्हवतं, पण पकड तीच. मी दोन बोटं दाबली. थांबलो. परत दोन बोटं दाबली. बावीस.

अण्णांनी हात सोडला न्हाई.

"मल्हार, तुझा अंगठा कापतोय," ते म्हणाले.

मी खाली बघितलं.

"पन्नास वर्षं हातावर भाव घेतलाय मी. खोटा भाव अंगठ्यात कळतो." मग हळूच म्हणाले, "पट्टी लय घासलीस रं."

"तुमास्नी ठाऊक हुतं?"

"दरवर्षी बघत हुतो. आधी पाच गेला. मग शेवटचा नऊ. दहा-बारा वर्षांमागं सगळंच गुळगुळीत झालं."

"मग बोलला का न्हाई?" माझा आवाज चढला. मरणाच्या चटईवरच्या माणसावर मी वरडलो, हे मला आजबी सलतंय. "एका शबदानं सांगितलं असतं तर मी हात लावला नसता."

"तू एवढ्या मनानं घासत हुतास, तुला थांबवायचं कसं," अण्णा म्हणाले. "आन् दुसरंबी हुतं. म्हणलं, नंबर गेला की गाडी कुणाला इकताच येणार न्हाई. आपल्याच दारात राहील. माझाच लोभ, गड्या. तू चिंच लावलीस, मी बघत बसलो. निम्मं तुझं, निम्मं माझं."

त्यांनी रुमालाखालीच माझा हात थोपटला.

"खरा किती म्हणाला ते सांगू नको," ते म्हणाले. "बावीस तू दिलास. तुझ्या हातनं आला, मी घेतला. रुमालाखाली ठरलं की मोडायचं न्हाई. झाला सौदा." मग दीपालीला हाक मारून म्हणाले, "फळा पूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यायला ट्रक आला. अण्णांनी सांगितलं, एकदा आवाज ऐकू दे. मी इंजिन चालू केलं, दोनदा रेस दिली. खिडकीतनं त्यांचा हात दिसला, बास म्हणून हलला. वीरधवलनं फळी लावली, गाडी वर चढवली. जाताना त्येनं छिन्नीनं खिळे उचकटून ती पितळी पट्टी काढली आन् माझ्या हातात दिली. म्हणाला, "ही मला उपयोगाची नाही, काका." अण्णांनी त्या दुपारी पाणी सोडलं. पारस संध्याकाळच्या गाडीनं आला. पाचव्या दिवशी अण्णा गेले, आन् घरातली सगळी म्हणाली, लय शांतपणानं गेले. ते खरं हुतं का मला कसं कळणार. दीपालीनं तो रुमाल मला दिला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझी थोरली लेक पल्लवी माहेरी आली. मी तिला गाडीची गोष्ट सांगितली तवा ती फोन घेऊन बसली. "बाबा, हे बघा." इंग्लंडातल्या कुणीतरी दोन दिवे इकायला ठेवले हुते. डाव्या दिव्याच्या कडंला माझं डाखण हुतं, मीच कथलानं दिलेला सांधा. आन् कडंच्या खाचेत पिवळं. खाली त्या माणसानं लिव्हलं हुतं, म्हणं कसला पिवळा डाग हाय, कशानंबी निघत न्हाई. अण्णांच्या दुकानातली राजापुरी ती. कशी निघंल.

मग माझ्या हातच्या खुणा बघत शोधत गेलो. इंजिन जपानात. गिअरबॉक्स ऑस्ट्रेलियात. स्टिअरिंग इंग्लंडातच, दुसऱ्या गावात, त्येच्याबी खाचेत पिवळं. गाडीतलं घड्याळ आन् मीटरचे काटे अमेरिकेत, त्यास्नी डावं-उजवं काय नडत न्हाई. बॉनेट, चाकं, सीटा, दारं, समोरची जाळी. पल्लवी भाव वाचत गेली आन् मी जुन्या बिलाच्या पाठीवर लिव्हत गेलो. एकेका देशाचा वेगळा रकाना केला, अण्णा करायचे तसा. आमास्नी घावलं तेवढ्याचीच बेरीज केली. तेवीस लाख झाले.

पल्लवी म्हणाली, "म्हंजे बाबा, तुम्ही खोटं बोललाच न्हाई."

मी उठून गॅरेजात गेलो. खंडेनवमी होऊन गेली हुती, यंदा पट्टी मी घासली न्हाई. ती त्या रुमालात गुंडाळून फळीवर ठेवली हुती, हिरवी पडायला लागलीया. रुमाल खाली घेतला, मांडीवर अंथरला आन् त्याच्या खाली हात घातला. दोन बोटं, मग तीन. तेवीस. आता अंगठा कापत न्हवता. पण समोर हात न्हवता कुणाचा.